पाच पाउणे पावणेचार

आमचा गणपती दीड दिवसाचा. लग्न होऊन रत्नागिरीला आले त्या पहिल्याच वर्षी मला कळलं, की या घरातला देव मुहूर्तावर उठत नाही, पाढ्यावर उठतो. सासरे ओटीवर बसून तिथीची पाऊणपट करीत. पंचमी, म्हणजे पाच पाउणे पावणेचार. आमची खाडी आत, म्हणून वर अर्धा तास. सव्वाचारला भरती पुरी. मग पाणी उतरायला लागतं आणि धक्क्याखाली नुसता चिखल. देव चिखलात रुतला तर वर्ष वाईट जातं, असा घरात धाक.

धक्क्याची वाट मशिदीवरून जाई. तिथले बांग देणारे चाचा अंगणात काठी उभी करून तिची सावली दोरीने मोजत. भर दुपारच्या सावलीवर आणखी काठीभर सावली वाढली की नमाजाची वेळ झाली. भाद्रपदात ती चारच्या सुमाराला येई, म्हणजे नेमकी आमच्या ढोलताशाच्या वाटेत. म्हणून सासरे चतुर्थीला त्यांच्याकडे जात. सासरे भरती सांगत, चाचा सावली सांगत, आणि दोघं मिळून आमची निघायची वेळ ठरवीत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

त्या वर्षी मुंबईच्या दंग्यांच्या बातम्या येत होत्या. धाकटे दीर तिथूनच आले होते, डोकं तापवून. म्हणाले, "विचारायचं कशाला? रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" त्या चतुर्थीला सासरे मशिदीकडे गेलेच नाहीत. मला दिरांपेक्षा त्यांचाच राग आला. सगळे पाढे पाठ, आणि घरच्या पोरापुढे तोंड उघडत नाही! पण नव्या सुनेचं ऐकतो कोण? मूर्ती ह्यांच्या डोक्यावर जायची होती. दगड आलाच असता तर पहिला ह्यांनाच लागला असता.

निघालो तेव्हा पावसाने उघडीप दिली होती. ऊन लख्ख होतं, सावल्या लांबल्या होत्या. चार वाजून गेले तरी बांग ऐकू आली नव्हती.

"बघा, मुद्दाम थांबल्येत, आपण समोर आलो की सुरू करतील," दीर म्हणाले. त्यांच्या हातात काठी होती.

मशिदीच्या दगडी गडग्याशी माणसं ओळीने उभी होती. ढोल आपोआप मंदावला. बायका मागच्या मागे थबकल्या. मी मात्र चालत राहिले, ह्यांच्या मानेकडे बघत.

गडग्यामागून चाचा बाहेर आले. "उभे काय ऱ्हायलात? चला बिगी बिगी, पानी उतरंल."

"तुमी इचाराय आलात नाय, म्हणून मीच मोजलं. आमच्या चाँदची तिसरी तारीख, वर दोन, ती तुमची पंचमी. पाऊणपट मला पन येते."

मागून एक तरुण आमच्या देवाबद्दल काहीतरी पुटपुटला. चाचा गर्रकन वळले. "दुसऱ्याच्या देवाला वंगाळ बोलू नको, असं आपल्याच दीन-धरमात सांगितलंय. बांग मी थांबवलीय. नमाजाला अजून वखत हाय, भरतीला नाय."

सासऱ्यांनी हात वर करून ढोल बंद केला. आम्ही त्या ओळीसमोरून मुकाट्याने गेलो. दिरांनी काठी कधी खाली केली ते मी पाहिलं नाही.

धक्क्यावर पाणी वरच्या पायरीला टेकलं होतं. हे गळ्यापर्यंत उतरले, मूर्तीसकट बुडी घेतली आणि देव अलगद गेला. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून होतंय तोच मागे बांग सुरू झाली. सासरे आमच्याबरोबर घरी आले नाहीत. मशिदीच्या पायरीवर जाऊन बसले, नमाज संपून चाचा बाहेर येईपर्यंत.

घरी मी ह्यांचं डोकं पुसायला घेतलं. केस बाजूला सारून सारून पाहिलं. नुसतं खाडीचं पाणी होतं. मग मात्र मला रडू आवरलं नाही.