आबांच्या गालावरची बदकं

माझ्या वहिनीने बोरिवलीच्या घरात नवं शिलाई मशीन आणलं आणि त्या दिवसापासून त्या घरात साधं कापड म्हणून उरलं नाही. मशीन भारी होतं. एक बटण दाबलं की पानं, दुसरं दाबलं की चांदण्या, हृदयं, वेली, आणि एका रांगेत चालणारी बदकं. आधी उशांचे अभ्रे गेले, मग पडदे. भावाच्या रुमालावर वेल चढली तेव्हा तो म्हणाला, "छान आहे." लग्न झाल्यापासून माझा भाऊ एवढं एकच वाक्य बोलतो.

मग वहिनीने क्विल्ट करायला घेतली. क्विल्ट म्हणजे गोधडीच, पण गोधडी म्हटलं की वहिनीचं तोंड वाकडं व्हायचं. गोधडी जुन्या साड्यांची, हाताने धावदोरा घातलेली. क्विल्टला कोरं कापड लागतं, रंग जुळवून कापलेले चौकोन लागतात, चकचकीत धाग्याच्या रिळी लागतात आणि समोर मोबाइलवर सतत चालू असलेला व्हिडिओ लागतो. वहिनीने प्रत्येक चौकोनावर वेगळं डिझाइन चालवलं, आणि तेही एकाला एक चिकटून. "मशीनमध्ये दिलंय ना, मग वापरायला नको?" असं तिचं म्हणणं. मिक्सरबरोबर तीन भांडी आली म्हणून कोणी तिन्हीत एकच चटणी वाटत नाही, पण हे मी मनात म्हटलं. आबांचं सगळं तीच करते, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नव्हती.

आबा म्हणजे आमचे वडील. जन्म गिरणीत काढला, मागांच्या खडखडाटात उभ्या उभ्या डुलकी काढणारा माणूस. माझ्या भांडुपच्या घराला लिफ्ट नाही आणि आबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून आई गेल्यापासून ते भावाकडे असतात. हॉलमधल्या दिवाणावर त्यांचं अंथरूण, आणि अंथरुणात आईने शिवलेली गोधडी. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती, की कुठली साडी कुठे संपते ते हाताला कळायचं नाही. तीच आता माळ्यावर गेली आणि आबांच्या अंगाखाली क्विल्ट आली. धाग्याने ती इतकी ताठ झाली होती, की घडी घालायला दोन माणसं लागायची.

पुढच्या रविवारी मी गेले तर आबांच्या गालावर बदकं. डोळ्याखालून निघून तीन बदकं कानाकडे चालली होती. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी हळूच विचारलं, "आबा, झोप लागते का?"

"लागता. पण कूस बदलली काय जाग येता." मग माझा हात दाबून म्हणाले, "तिका काय बोलू नको हां. हौसेन केल्यान हा."

त्यापुढच्या रविवारी चांदण्या होत्या, त्याच्या पुढच्या रविवारी अर्धं हृदय. गालावरचं डिझाइन दर आठवड्याला नवं आणि डोळे आठवड्यागणिक खोल. शेवटी ते खुर्चीत बसून झोपायला लागले. वहिनी कौतुकाने सांगत होती, "क्विल्ट खराब होईल म्हणून आबा खुर्चीतच बसतात, इतके जपतात!" मला तिचा राग आला.

भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "वहिनी, ही काय अंगाखाली घालायची वस्तू आहे का गं? ही भिंतीवर पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?"

वहिनीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. संध्याकाळच्या आत भावाने ड्रिल मशीन काढलं आणि आईच्या हार घातलेल्या फोटोशेजारी क्विल्ट टांगली. "छान आहे," तो म्हणाला. माळ्यावरून आईची गोधडी खाली आली. मी चपला घालेपर्यंत आबा तोंड उघडं टाकून घोरत होते. भांडुपच्या बसमध्ये मी स्वतःवर इतकी खूश होते, की माझा स्टॉप जवळजवळ चुकला.

पुढच्या रविवारी वहिनीने हसत दार उघडलं. "अगं, गंमत बघ. भिंतीवरच्या क्विल्टसमोर ही गोधडी अगदीच गरीब दिसत होती ना, म्हटलं जरा सजवू या."

आईच्या गोधडीवर, आईच्या धावदोऱ्याच्या डोक्यावरून, बदकांच्या रांगाच रांगा चालल्या होत्या. त्यातल्या एका रांगेवर आबांची टाच अडकली होती आणि सुईने चाळण केलेलं ते जुनं कापड फाडायच्या कुपनासारखं सरळ फाटत गेलं होतं. आबांच्या गालावर नवं बदक होतं. तोंड उघडलं असतं तर इतक्या रविवारांचं साठलेलं सगळं बाहेर आलं असतं. मी कात्री मागितली आणि दिवाणावर आबांच्या पायाशी बसून बदकं उसवायला घेतली.

धागा सुटला. पण आईच्या जांभळ्या साडीवर सुईची भोकं तशीच राहिली, बदकाच्या आकारात. चोच, पाठ, शेपूट, सगळं जिथल्या तिथे. बोटाने घासून पाहिलं तर कापडच विरायला लागलं. मला रडू यायला लागलं तशी मी मान खाली घातली.

"अगं, एवढं काय त्यात!" वहिनी म्हणाली. "तिथे मी मस्त पॅच लावते. पॅचच्या कडेला घालायला डिझाइन आहे मशीनमध्ये." आणि ती मशीनवरचं कव्हर काढायला गेली.

आबांनी माझ्या हातातून गोधडी काढून घेतली. भिंतीकडे बघितलं. तिथे आईचा फोटो, त्याच्या शेजारी क्विल्ट.

"भिंतीवर जाऊचो आता मीच काय तो उरलंय," ते म्हणाले, आणि कूस बदलून त्यांनी त्या बदकांवर गाल ठेवला.