हरेल त्याने प्यायची

चौदाव्या वर्षी मी माडी प्यायला लागलो ती काही चवीसाठी नव्हे. पहिला घोट तर मी सुपारीच्या झाडाआड जाऊन ओकलो होतो. पण माझे वडील पिऊन बंदराच्या पायऱ्यांवर झोपत आणि गावची पोरं मला ‘माडीचं मडकं’ म्हणून हाक मारत. त्यांच्यात बसून करवंटी तोंडाला लावली, की त्या दिवसापुरती हाक बंद होई. एवढा स्वस्त सौदा कोण सोडतो? स्वराज्याबरोबर दारूबंदीही आली होती, पण ती तालुक्याच्या कचेरीत. आमच्या वाडीत माडांवर मडकी लटकतच होती.

पोरांचा म्होरक्या सोळा वर्षांचा, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळ लढवतात. एकाने आपला नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने त्यावर आपला आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. म्होरक्याने यात स्वतःचं एक कलम घुसडलं होतं: हरेल त्याने करवंटीभर माडी एका दमात प्यायची.

त्या वर्षी म्हसळ्याहून एक मुलगा आमच्या गावी मामाकडे शिकायला आला होता. त्याला नारळ नीट धरताही येत नव्हता. म्होरक्याने त्याला लढायला ओढून आणलं. तो पळू लागला, तेव्हा म्होरक्याने मला सांगितलं, याचे हात धर. मी धरले. खोटं कशाला बोलू, घट्ट धरले. त्याच्या मनगटातली धडधड माझ्या बोटांना लागली आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिचा रागच झाला. मी हात सोडले.

“याच्या जागी मी लढतो,” मी म्हणालो.

मडकं लढणार म्हणून सगळे खदाखदा हसले. मी मात्र सावकाश, दातांवर वाजवून, लहानसा, जाड करवंटीचा नारळ निवडला. म्होरक्या सकाळपासून पीत होता. नारळ धरताना टोक वर ठेवायचं, कारण बाजूची कड कच्ची असते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झिंगेत त्याने नेमकी कड वर धरली. मला ते दिसलं आणि मी गप्प राहिलो, तेवढा साधू मी नव्हतो. एका घावात त्याचा नारळ फुटला आणि पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

मग काय विचारता! तीच पोरं आता माझ्या नावाने ओरडू लागली. कोणीतरी करवंटी काठोकाठ भरून माझ्या हातात दिली, म्होरक्याला पाजायला. इतक्या वर्षांचा वचपा हातात आला होता आणि मला तो गोड लागत होता. पण म्होरक्याकडे पाहिलं, तर त्याची हनुवटी थरथरत होती. उद्यापासून हाक त्याला पडणार होती आणि ती बंद करायला तो आणखी पिणार होता. हे माझ्याइतकं तिथे कोणाला कळणार?

मी करवंटी वाळूत उपडी केली.

“आजपासून कोनी कोनाला पाजायची न्हाय,” मी म्हणालो. “आनि मी तर पिनारच न्हाय.”

मी जिंकलेल्या नारळाचे तुकडे केले. एक म्हसळ्याच्या मुलाला दिला, एक म्होरक्याला. तो खोबरं चावता चावता रडू लागला आणि त्याला कोणीही हसलं नाही.