पास्कूची राहिलेली फायनल

पास्कूच्या बायकोचा, रिटाचा फोन आला तेव्हा मी शर्टाला इस्त्री करत होतो. संध्याकाळी फायनल होती, भारत आणि नेपाळ, आणि पास्कूच्या घरून फोन म्हणजे फुटबॉल हे इतकं अंगवळणी पडलेलं की पलीकडचं काही न ऐकताच मी सुरू झालो, “काय, वेळ बदलली ना? तरी म्हटलं, या लोकांचं काही खरं नाही!” मग ती म्हणाली, “सुरेशभाऊ, पास्कू गेला.” त्यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, “कुठे?” आयुष्यात बावळटपणाची वाक्यं पुष्कळ बोललोय, बायकोकडे त्यांचा साठा आहे, पण हे मात्र मी अजून तिलाही सांगितलेलं नाही. मी फोन ठेवला आणि इस्त्री बंद करायला विसरलो. शर्ट जळाला. तो तसाच कपाटात आहे…

पास्कू दहिसरच्या गावठाणातला, क्रुसाच्या गल्लीत ज्याचं घर आहे तो. आम्ही दोघं जोगेश्वरीच्या एका कारखान्यात बरोबर लागलो, औषधांच्या बाटल्यांना झाकणं बसवायला, आणि बरोबरच निवृत्त झालो. तरुणपणी तो गावच्या टीमकडून डाव्या बाजूला बॅक खेळायचा. मी मालवणी माणूस, माझा खेळ कॅरम, त्यातही क्वीन घेतली की पुढची सोंगटी हटकून चुकायची. पास्कूचं वेड मात्र जगावेगळं होतं. लोक युरोपातल्या मॅचसाठी डोळे तारवटून बसायचे, हा वाट बघायचा ती आपल्या दक्षिण आशियातल्या देशांच्या स्पर्धेची. भूतान विरुद्ध श्रीलंका असली तरी त्या दिवशी हा नवा शर्ट घालणार. मी चिडवायचो, “कोण बघतं रे हे, तुझ्याशिवाय?” तो म्हणायचा, “शेजारी आहेत ना, मॅन! आपण नाही बघायचं तर कोणी?” मी म्हटलं, “आणि तुझ्या शेजारच्या डिमेलोशी नळावरून भांडतोस ते?” “म्हणून तर मॅच बघतो,” पास्कू म्हणाला, “तिथे निदान रेफरी असतो.”

मग डायबिटीसने त्याचे डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. पुढची स्पर्धा जवळ आली तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. “तू बघ आणि मला सांग.” मी म्हटलं, अरे, टीव्हीवर ते दोघं बोलत असतात की! तर म्हणाला, “ते बघणाऱ्यांसाठी बोलतात. त्यांना वाटतं सगळ्यांना दिसतंय.” मी खुर्ची ओढली आणि समालोचक झालो. फुटबॉलमधलं मला एवढंच माहीत होतं की हात लावायचा नाही. पहिलीच मॅच मालदीवशी. मी हुशारी करून मनाशी ठरवलं, डावीकडचा गोल आपला, उजवीकडचा त्यांचा. अर्धा वेळ झकास गेला. विश्रांतीनंतर बाजू बदलतात हे मला कोणी सांगितलं होतं? उजवीकडच्या जाळ्यात बॉल गेला आणि मी ओरडलो, “गोल! आपला गोल!” पास्कू उभा राहून नाचला, मला मिठी मारली, स्वयंपाकघरातून रिटा गूळ घेऊन धावत आली. आणि मग पास्कू थांबला. कान टवकारले. “सुऱ्या, मॅच आपल्याकडे आहे ना रे? मग पब्लिक गप्प का?” मी पडद्याकडे नीट बघितलं. आपला गोलकीपर जाळ्यातून बॉल काढत होता… पुढचे दोन दिवस पास्कू माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन. “बांगलादेशची मॅच आहे. ये. आता अक्कल आली असेल.”

तशी अक्कल आली नाही, पण सवय झाली. मी बॉलमागे धावायचो, “याने त्याला दिला, त्याने याला दिला,” आणि तो वैतागायचा. “बॉल सोड रे! बाकीचे काय करतायत ते सांग.” बाकीचे काय करणार? पण बघायला लागलो तर खरंच काहीतरी करत असायचे. कोणी लंगडत असायचा, कोणी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून श्वास घेत असायचा, लांबचा गोलकीपर एकटाच येरझाऱ्या घालत असायचा. पास्कू हे ऐकताना मान किंचित वर करायचा. साठी गाठेपर्यंत मी आयुष्यात एवढं काही बघितलं नव्हतं.

या वेळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्याच्या किडन्याही थकल्या होत्या. दवाखान्यातून घरी आणलं. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले आणि त्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. पास्कूने एकच धरून ठेवलं होतं, फायनल ऐकायची. रिटाने आणलेली पेज तो ढकलायचा, मग ती सुनवायची, “नाही खाल्लंस तर फायनलला तुझी खुर्ची रिकामी राहील, बघ!” लगेच तोंड उघडायचा. सेमीफायनल त्याने पडूनच ऐकली. आपण जिंकलो. निघताना त्याने माझं मनगट धरलं. हातात जोर असा नव्हताच. “फायनलला लवकर ये. राष्ट्रगीत चुकवू नकोस.” मी म्हटलं, “साहेब, येतो.” ती शेवटची भेट.

फायनल झाली तेव्हा आम्ही त्याच्यावर माती टाकत होतो.

मी निकाल बघितला नाही. पेपरातलं क्रीडापान सरळ उलटून टाकायचो. तशी फार कसरत करावी लागली नाही म्हणा. या शहरात दक्षिण आशियाई फुटबॉलचा निकाल न कळता महिना काढणं सहज जमतं. कोणी बोलेल तर ना! जो बोलला असता तो…

गेल्या रविवारी रिटाने बोलावलं. मला वाटलं, प्रार्थना वगैरे असेल, म्हणून पांढरा शर्ट घालून गेलो. टीव्ही लावलेला. दुबईत असलेल्या मुलाला फोनवरून विचारत विचारत तिने ती फायनल शोधून काढली होती. तिलाही निकाल माहीत नव्हता. पास्कूच्या खुर्चीवर उशा रचलेल्या, ती स्वतः जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. या बाईने जन्मात कधी अख्खी मॅच बघितली नाही. ती आत भाकऱ्या थापायची. तिने डोळे मिटून घेतले. “सांगा,” म्हणाली.

राष्ट्रगीतं झाली. खेळ सुरू झाला. मी तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना.

“बोला ना,” रिटा डोळे न उघडता म्हणाली. “तो मला म्हणायचा, ‘सुऱ्या चुकीचं सांगतो तेव्हा मला राग येतो. पण तो गप्प बसला ना, की मला दिसत नाही हे आठवतं.’”

मी माझी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. “मैदान ओलं आहे,” मी म्हणालो, “आपला गोलकीपर हातमोजे दाताने ओढतोय… लांबचा एक जण मोजे वर करतोय, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही…”

रिटाने मान किंचित वर केली.