समोरच्याचं उजवं

नाकावर राग असलेल्या माणसानं मास्तरकी करू नये म्हणतात. या बाईंनी मात्र तोच राग जपून, त्याला धार लावून, उभा जन्म वर्गात काढला. शाळेत त्यांना ‘ठसका’ म्हणायचे. मुलं पाठीमागे म्हणायची आणि बाकीचे शिक्षक त्याहून जास्त पाठीमागे. बाईंच्या कानावर ते कधीच गेलं होतं. “ठसका मला थोडाच लागतो, समोरच्याला लागतो,” त्या म्हणायच्या.

त्यांच्या वाट्याला कायम ड तुकडी. सगळी शाळा तिला ढ तुकडीच म्हणायची, आणि दारावरच्या पाटीवर कोणी ना कोणी अक्षराच्या पोटात खडूनं गाठ मारून ठेवायचा. बाई वर्गात शिरताना रुमालानं ती गाठ पुसायच्या. एकदा खुद्द हेडसरांनी बैठकीत “ती ढ मुलं” म्हटलं, तेव्हा बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “सर, बाराखडी चुकली तुमची.”

त्या वर्षी कोड्यांची स्पर्धा आली. संगणकाला सांगावं तसा टप्प्याटप्प्यानं विचार करायचा, पण सगळं कागदावर. पाठांतर नाही, सूत्रं नाहीत. बाईंना वाटलं, ही तर माझ्याच पोरांची स्पर्धा. इतरांनी पाठ केलेलं यांच्याकडे नव्हतंच, त्यामुळे विसरण्याची भीतीही नव्हती. हेडसरांचं मत निराळं होतं. अ तुकडी बसेल, ड नं उगाच शाळेची शोभा करू नये.

“शोभा झाली तर माझी होऊ दे,” बाई म्हणाल्या आणि अख्ख्या वर्गाची नावं देऊन आल्या.

संगणकाच्या खोलीची किल्ली ड तुकडीला मिळत नसे. मग बाईंनी मागच्या फरसबंद अंगणात खडूनं चौकोन आखले आणि स्वतःच यंत्र झाल्या. पोरं समोरच्या पायऱ्यांवर बसून हुकूम सोडायची: पुढे जा, उजवीकडे वळ, पुढे जा. भिंत आली की बाई धाडकन भिंतीवर जायच्या, कारण यंत्राला अक्कल नसते, सांगणाऱ्याला असावी लागते. पोरं हसून लोळायची आणि हुकूम पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. ज्यांना आयुष्यात कोणी ‘तू सांग’ म्हटलं नव्हतं, ती पोरं बाईंना अंगणभर नाचवत होती. बाईंचे गुडघे दुखत, पण त्या खूश होत्या.

पेपर झाला. काही दिवसांनी हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. तपासणाऱ्यांचा फोन आला होता. ड तुकडीचे वाटा काढायच्या कोड्यांचे पेपर एकसारखे चुकले होते. अख्ख्या वर्गाची तीच चूक, त्याच जागी.

“बरोबर उत्तरं सारखी आली तर समजू शकतो,” हेडसर म्हणाले. “चुका सारख्या येतात त्या बघून लिहिल्यावरच. मी कळवून टाकतो, मुलांनी कॉपी केली. तुमच्यावर काही येणार नाही. फक्त ही तुकडी पुढे कुठल्या स्पर्धेला बसणार नाही, एवढंच.”

“एवढंच?” बाई म्हणाल्या. “मला उद्यापर्यंत वेळ द्या.”

घरी थोरली बहीण इस्त्री करत होती. ऐकून ती म्हणाली, “सगळ्यांनी सारखंच चुकवलंय म्हणजे बघितलंच असणार गं. होऊ दे त्यांच्या मनासारखं. कशाला ओढवून घेतेस?”

“ताई, माझी पोरं मारामाऱ्या करतील, डबे पळवतील. पण एकमेकांचं बघून लिहायला एकमेकांवर विश्वास लागतो. तो त्यांच्यात कुठाय?”

बोलून तर गेल्या, पण अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या मनात आलं, बघितलं असेल तर?

सकाळी त्यांनी वर्गात सरळच विचारलं. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. प्रत्येक वाक्यामागे तिचा प्रश्न असायचा, म्हणून वर्ग तिला ‘शंका’ म्हणायचा.

“बाई, आम्ही तुमच्यासारखंच केलं. कागदातलं यंत्र वर चाललं की बरोबर आलं. खाली आपल्याकडे यायला लागलं की चुकलं.”

“म्हणजे?”

“अंगणात तुम्ही आमच्याकडे तोंड करून असायचात. आम्ही उजवीकडे म्हणून हात करायचो आणि तुम्ही आमच्या हाताकडे वळायचात. तो तर तुमचा डावा.”

बाई खाली बसल्या. पोरांनी हात केला की त्या मायेनं तिकडेच वळत गेल्या होत्या. यंत्र मायेनं वळत नाही. त्याचं उजवं त्याचं स्वतःचं असतं, समोरच्याचं नसतं.

मधल्या सुट्टीत त्या हेडसरांच्या खोलीत जाऊन टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या.

“सर, मला उजवीकडे वळवा.”

“हे काय आता?”

“वळवा तर खरं.”

हेडसरांनी वैतागून आपला उजवा हात बाजूला केला. “वळा उजवीकडे.” बाई स्वतःच्या उजवीकडे वळल्या. “अहो, उजवीकडे!” हेडसर ओरडले आणि तोच हात पुन्हा हलवला.

“हीच ती चूक,” बाई म्हणाल्या. “आता सांगा, तुम्ही कोणाचं बघून केलीत?”

हेडसरांनी हात खाली घेतला. बाईंनी अंगणातलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “चोर सोडून संन्याशाला फाशी नको. मुलांनी कॉपी केली नाही. बाईंनी चुकीचं शिकवलं. तसं कळवा.”

“बाई, निवृत्तीला आलात. जाता जाता कपाळावर डाग कशाला घेता?”

“माझ्या कपाळाचं मी बघते.”

“आणि गुण काही परत मिळायचे नाहीत. पुढच्या फेरीत यातलं कोणी जाणार नाही.”

हे बाईंना ठाऊक होतं. तरी ते ऐकून त्यांचे डोळे भरले, आणि डोळे भरल्याचाच त्यांना भयंकर राग आला.

“नाही जाणार. हरली माझी पोरं, माझ्यामुळे हरली, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगणार आहे. पण हरणं वेगळं आणि चोर ठरणं वेगळं. लिहा तुम्ही.”

हेडसरांनी लिहिलं: गैरप्रकार नाही. शिक्षिकेची चूक. कागद फिरवून त्यांनी पुढे केला. बाईंनी तो वाचला, सही केली आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

“खाली अजून एक ओळ हवी.”

“आता काय राहिलं?”

“लिहा,” बाई म्हणाल्या, “शिकवलं ते सगळा वर्ग तंतोतंत शिकला.”