माझ्या नावाचं पाणी

"ए, तू बसू नको. ती लाइट धर."

जांभ्या दगडाच्या चिरेखाणीच्या मालकानं त्याच्या पडवीत मला हे सांगितलं. मी वार्ताहर. बारा वर्षं रत्नागिरीच्या एका दैनिकात. खुर्च्या मोबाइलवर रील बनवणाऱ्या दोघांना दिल्या होत्या. मी लाइटचा दांडा धरून उभी, त्याच्या तोंडावर उजेड पाडत. त्या उजेडात तो म्हणाला, खाणीमुळं बौद्धवाडीचं पाणी बिघडलं ही निव्वळ अफवा आहे.

ती वाडी माझी. आमच्या विहिरीत खाणीचा लाल गाळ उतरला होता. तेच विचारायला गेले होते.

"विहीर बघायला येता?" मी विचारलं.

"हात हलवू नको," तो म्हणाला.

लाइट टाकून निघायला हवं होतं. मी धरून राहिले. आठवलं की शिसारी येते. त्याची येते, माझीही येते.

घरी येऊन बातमी लिहिली, विहिरीच्या फोटोसकट पाठवली. सकाळी पेपरात दुसरीच बातमी. मथळ्याखाली माझं नाव, ठळक अक्षरात. बारा वर्षं नुसतं 'वार्ताहर' छापलं. नाव पहिल्यांदा छापलं ते मी न लिहिलेल्या बातमीला. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता वाडीतील नळांना स्वच्छ पाणी येत असल्याचे आढळून आले.'

आमच्या वाडीत एकही नळ नाही.

आई विहिरीवरून आली. शेजारणीनं तिला पेपर वाचून दाखवला होता. पेलाभर लाल पाणी माझ्यासमोर ठेवलं.

"तुझ्या नावाचा पाणी हाय. पी."

मी तशीच उठले आणि कार्यालयात गेले. पूर्वी तिथं चौघे बातम्या तपासायचे. आता त्यांच्या टेबलांवर वाढदिवस पुरवण्यांचे गठ्ठे. संपादक शांत होते. "मजकूर खाणमालकांकडूनच आला. एआयनं लिहिलाय, बघ किती सफाईदार. जाहिराती त्यांच्याच आहेत, आपण करणार काय?"

"पण नाव माझं का?"

"वाडीतले लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात ना."

चहा सांगावा इतक्या सहज बोलले. बारा वर्षं उन्हातान्हात फिरून मी जो विश्वास कमावला, तो यांनी त्या माणसाला देऊन टाकला होता. खुलासा छापा म्हटलं. म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? लिहायला आता माणूस लागत नाही."

ओळखपत्र टेबलावर टाकलं आणि निघाले.

विहाराच्या फळ्यावर आम्ही पौर्णिमेच्या कार्यक्रमाची सूचना लिहितो. त्या संध्याकाळी मी खडूनं लिहिलं: 'पेपरात माझ्या नावानं आलेली बातमी खोटी आहे. वाडीत नळ नाही. विहिरीत खाणीचा गाळ आहे. मी स्वतः पाहून लिहिते आहे.' खाली पूर्ण नाव.

आई बघत उभी होती. म्हणाली, "हितं सगळ्यांना ठावं हाय. ज्यांना ठावं नाय, तिथं लिव."

खरं होतं. खडू पिशवीत टाकले. उद्या एसटीचा थांबा, परवा बाजारातली भिंत, मग खाणीचं फाटक. पुसतील, हाकलतील. माझं नाव त्यांनी खोट्याला लावलंय. ते मी परत घेणार.