नखुल्या आणि शिळं कोंबडं

चैत्र लागला तरी आभाळ काही केल्या मोकळं होत नव्हतं. रात्रभर उकडायचं आणि पहाटे डोंगराकडून मळकट ढग येऊन गावावर बसायचे. पडत नव्हते, जात नव्हते. मनुबाईनं दारात उभं राहून वर बघितलं आणि त्या ढगांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. शेण काढून झालं होतं, म्हशीची धार झाली होती, आणि वाकळांचा एवढा ढीग ओढ्यावर न्यायचा राहिला होता. घरात लग्न. पाहुणे येणार, त्यांना अंथरायला दिलेल्या वाकळांना वास आला तर नाव नवऱ्याचं, सयाजीरावांचं जात नाही, बाईचं जातं.

ओसरीपुढच्या बाजेवर पांढऱ्या धोतरावर नखुल्या वाळत होत्या. लेकीच्या, हौसाच्या रुखवताच्या. खपली गव्हाच्या रव्याची कणीक मळून, हरभऱ्याएवढी गोळी घेऊन, अंगठ्याच्या नखानं दाबून ओढायची, की शिंपल्यासारखी वळलेली नखुली हातातून सुटते. पाच सवाष्णींनी ओव्या म्हणत त्या केल्या होत्या. लग्नादिवशी नखुल्यांनी भरलेला तांब्याचा डबा नवरीची आत्या कडेवर घेऊन पुढं चालणार, आणि सासरी गेल्यावर हौसाच्या हातची पहिली खीर त्याच नखुल्यांची होणार. गहू सुद्धा आत्यानंच आणलेला. धान्य मापून मिळायच्या त्या कंट्रोलच्या दिवसांत खपली कुठं मिळत होती? रंगूबाईनं, सयाजीच्या थोरल्या बहिणीनं, तो सांगलीकडून, कृष्णाकाठच्या आपल्या रानातून, आगगाडीत पायाखाली दडवून आणला होता, आणि ते दिवसातून दोनदा सांगत होती.

ती रंगूबाई आज सकाळीच हौसाला घेऊन रहिमतपूरला कासाराकडं बांगड्या भरायला गेली होती. घरात राहिला सयाजी.

"आवं, ऐकलंसा का?" मनुबाईनं वाकळा डोक्यावर घेता घेता हाक दिली. "थेंब पडाय लागला तर तेवढ्या नखुल्या आत घ्या. दुसरं काय करू नगा."

"व्हय व्हय," सयाजी म्हणाला. तो चुलीपुढं बसून कालच्या कोंबड्याच्या पातेल्यात डोकावत होता.

हे डोकावणंच मनुबाईच्या मुळावर आलं होतं. सयाजी लढाईला गेला तेव्हा हौसा परकरात होती. पलटणीत तो लांगरी झाला, म्हणजे शिपायांचा स्वैपाक करणारा. पाठीमागं मनुबाईनं ऊस लावला, तोडला, गुऱ्हाळ केलं, पाटाच्या पाण्यावरून भावकीशी भांडणं केली, सासऱ्याचं दिवसकार्य केलं. वाटायचं, धनी आले की रान त्यांच्या हवाली करायचं आणि आपण चुलीपुढं बसायचं. धनी आले, पण त्यांनी रान मागितलंच नाही. चूल मागितली. आमटीला फोडणी कमी पडली, भात असा न्हाई वेळत, इटलीत मी असं बघितलं आणि तसं बघितलं. पाणी धरायला रानात जा म्हटलं की कंबर धरायची. कांदा चिरायचा म्हटला की कंबर सुटायची.

कालच मेढ्याकडचा लालासाहेब म्हणून त्याचा पलटणीतला दोस्त मुक्कामाला आला. त्याच्यासाठी दोन कोंबडे कापले. लालासाहेबाचे दात दुखत होते. तो रस्सा पिऊन पहाटे निघून गेला आणि निम्म्याहून जास्त कोंबडं पातेल्यात राहिलं. सकाळच्या भाकरीबरोबर शिळं कोंबडं लय चांगलं लागतं, हे साताऱ्यात काय, सगळ्या मुलखात ठाऊक आहे. फक्त सयाजीला नव्हतं.

मनुबाई ओढ्यावर वाकळा आपटत होती तेव्हा खरंच चार थेंब पडले. शेजारची सुलाबाई म्हणाली, "मनुबाई, बाजंवरचं भिजतंय की गं."

"धनी हायती घरात," मनुबाई म्हणाली, आणि आणखी एक वाकळ आपटायला घेतली. पुढं आठवडाभर हे वाक्य तिच्या घशात काट्यासारखं टोचत राहिलं.

घरी आली तेव्हा दारातच तुपकट, दुधाळ, करपट असा तिन्ही मिळून एक वास आला. बाज मोकळी होती. धोतर घडी घालून ठेवलं होतं, पलटणीतली घडी. परसात, जिथं मटणाची चूल मांडतात तिथं, लग्नासाठी घासूनपुसून ठेवलेलं पितळी पातेलं निखाऱ्यांवर बसवलं होतं. त्याच्यावर परात, परातीत परत निखारे. आणि शेजारी घामानं निथळणारा सयाजी, एखाद्या तोफेजवळ उभा असल्यासारखा.

"नखुल्या कुठं हायत्या?"

"आत घेतल्या की."

"आत म्हंजी कुठं?"

सयाजीनं पातेल्याकडं बोट केलं. "सगळ्या न्हाई घेतल्या. निम्म्याच, बाकीच्या टोपलीत हायत्या. मनू, ह्याला मकरुनी म्हंत्यात. तिकडं हुबेहूब आशीच, नखानं वळल्याली. मी इतकी वर्सं आठवत हुतो की ही घरात कुठं बघितली, आनि आज हातात आली तवा ध्येनात आलं."

मनुबाई चुलीजवळच खाली बसली. "आनि वर काय हाय?"

"कोंबडं हाडं काढून बारीक केलं. कणीक लोण्यात भाजून दुधात सारकी केली, ती त्यात. वरनं साय आनि भाकरीचा चुरा. खाली-वर इस्तू दिला, की पापुद्रा कसा धरतो बग."

"साय?"

"शिंक्यावरची."

"ती मी तुपाला साठवीत हुते. लग्नाच्या पोळ्यांस्नी."

"मग लोनी बी त्यातलंच," सयाजी म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

मनुबाईच्या डोळ्यांपुढं आता साय नव्हती, पातेलं नव्हतं. रंगूबाई होती. रंगूबाई रुसली की काय होतं ते या घरानं बघितलं होतं. चुलत पुतणीच्या लग्नात मानाचा कऱ्हा दुसरीच्या हातात दिला म्हणून ती ट्रंक घेऊन थेट रहिमतपूरच्या ठेसनावर जाऊन बसली होती, आणि ती परत येईपर्यंत नवरी हळदीच्या अंगानं पाटावर ताटकळली होती. आता तर तिनं आणलेला गहू, तिच्या हातच्या नखुल्या, आणि त्या कोंबड्यात. रुखवताचं मंगल धान्य मटणाच्या चुलीवर. ती निघून गेली तर डबा कोण धरणार? हौसाची सासू काय म्हणेल? आत्या का आली न्हाई, म्हणून पहिल्याच दिवशी पोरीला टोमणा.

"ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यातलं वन्संला काय सांगू नगा. मी आज बसून नव्या वळते. शेळीनं तोंड घातलं म्हणून सांगू."

"आपल्यात शेळी कुठं हाय?"

"सुलाबाईची हाय."

"त्या बिचाऱ्या शेळीनं काय केलंय? आनि मी सकाळधरनं खपलोय, ते शेळीच्या नावावर घालू व्हय?"

मनुबाईनं रागानं पदरात धरून परात उचलली, एक नखुली बोटानं काढून तोंडात टाकली. गिळगिळीत. ना तिखट, ना मीठ धड. एवढ्यासाठी तू माझं लग्नघर पेटवलंस, असं तिला त्या नखुलीला म्हणावंसं वाटलं. ती पातेलं भुशाच्या पोत्यामागं ढकलणार, तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या.

रंगूबाई आली. पाठीमागं हौसा, कोपरापर्यंत हिरवीगार.

"वास कसला रं, तम्मा?" रंगूबाईनं विचारलं. धाकट्या भावाला ती तिकडच्या कानडी मुलखाच्या रीतीनं तम्मा म्हणायची.

"वन्सं, तुमी पाय धुवा," मनुबाई मधे पडली. "भाकरी-पिठलं टाकते मी आत्ताच."

"भाकरी कशाला?" सयाजी म्हणाला, आणि कोणी अडवायच्या आत त्यानं दोन ताटल्या वाढल्या. वरचा पापुद्रा मात्र खरोखर तांबूस झाला होता, हे मनुबाईला बघावं लागलं.

हौसा बोटं चाटून खाऊ लागली. रंगूबाईनं घास उचलला, आणि हात वाटेत थांबला. तिनं एक नखुली दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. कधी काळी विळा लागून तिचं अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं, ते तसंच वाढलं. तिच्या हातची नखुली कुठंही ओळखू यायची. पोटात एक रेघ सगळ्यांच्या, तिच्या दोन.

"ही माझी हाय," रंगूबाई म्हणाली.

हौसानं चाटायचं थांबवलं. मनुबाईची नजर कोनाड्याखालच्या ट्रंकेवर गेली. वाटलं, जाऊन तिच्यावर बसावं.

"अक्का, मी घातल्या," सयाजी म्हणाला. "तिकडं डोंगरातल्या एका गावात आमची पलटण हुती. एक म्हातारी हुती. पोरगं लढाईत गेल्यालं. साहेब लोकांच्या मेसमधलं उरल्यालं कोंबडं मी तिला न्हेऊन द्यायचो, आनि ती दारात बसून आशीच नखानं वळायची, भट्टीत घालायची, आनि मला पयला वाढायची. भाषा कळत न्हवती. पर शिव्या देत्या एवढं कळायचं. लय भांडकुदळ. मला वाटायचं, अक्काच बसलीया."

रंगूबाईनं नखुली तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग पुढचा घास घेतला.

"तिनं तुला उपाशी न्हाई ठेवलं," रंगूबाई शेवटी म्हणाली.

"न्हाई."

"मग तिच्या नावानं गेल्या म्हणायच्या." तिनं पदरानं नाक पुसलं, ताटली पुढं केली आणि आणखी वाढून घेतलं. मग मान वळवली ती थेट मनुबाईकडं. "आनि तू गं? तुला काय अक्कल? बापय मानसाला नखुल्या राखाय सांगून वड्याला जाऊन बसलीस?"

"मी आत घ्या म्हनलं हुतं, वन्सं. शिजवा न्हाई म्हनलं."

"त्येला काय कळतंय त्यातलं? ल्हान हाय त्यो."

ल्हान सयाजी मिशीला लागलेली साय पुसत होता. मनुबाईच्या तोंडात इतकं काही आलं, की कुठलं आधी बोलावं हेच कळेना. ऊस आला, पाट आला, सासऱ्याचं दिवसकार्य आलं, शिंक्यावरची साय आली. पण ट्रंक जागेवर होती. तिनं सगळं गिळलं. त्या गिळगिळीत नखुलीपेक्षा ते जास्त जड गेलं.

"गहू उरलाय न्हवं?" रंगूबाई विचारत होती. "आज निवडून ओलव. उद्या दळू. परवा सुलाबाईला आनि त्या दुसऱ्या दोघी सवाष्णींना बोलीव. आभाळ असंच ऱ्हायलं तर चुलीच्या उबीला वाळवू. तू आगूदर गहू घे, बसू नगं."

"मी बी वळू लागतो," सयाजी म्हणाला. "मला येत्यात."

"तू पड जरा. सकाळधरनं हुबा हायस." रंगूबाईनं स्वतः उठून त्याला घोंगडं टाकून दिलं. "आनि तम्मा, पुढच्या बारीला जरा कांदा-लसनाचं तिखट घाल. म्हातारीला ठावं नसंल, तुला तर ठावं हाय."

पुढची बारी. मनुबाईनं डोळे मिटले, उघडले. हौसानं विचारलं, "आई, तुला ठिवू का थोडं?"

"नगं. तुझ्या आबाला ठिव. दमल्यात."

तिनं उतरंडीच्या तळाच्या मडक्यातून खपली काढली, सुपात ओतली आणि सूप मांडीवर घेऊन दाराच्या उजेडाला बसली. आत सयाजी घोरायला लागला होता. गव्हात खडे बरेच होते. एकेक वेचून ती अंगणात भिरकावत राहिली, जरा जोरातच.