क्लॅरिनेटवाल्या चाचांचा पुढचा दात

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे पुढचे दात वाद्यावर टेकतात, हे मला पुस्तकांनी नाही, चाचांनी शिकवलं. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. मी त्यावर सिरॅमिकची सुरेख कॅप बसवली. ती भर वरातीत निघाली. पुन्हा बसवली, पुन्हा निघाली.

तिसऱ्यांदा सोबत बँडचा मालकही आला. आता दात निघाला तर क्लॅरिनेट दुसऱ्याकडं जाईल आणि चाचांनी झांजा धरायच्या, असं त्यानं माझ्यासमोरच बजावलं. जन्मभर नवरदेवापुढं वाजवलेला माणूस खाली मान घालून ऐकत होता. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी भांडते. कॅप बनवणाऱ्या लॅबवाल्याला झापलं, ती चिकटवायचं सिमेंट विकणाऱ्याला झापलं. चूक माझी असेल, हे काही डोक्यात शिरेना.

कारण चिकटवण्याआधीची तयारी मी जीव ओतून करायची. कॅपची आतली बाजू ॲसिडनं खरबरीत करायची, म्हणजे सिमेंटला धरायला जागा मिळते. चकाकणारी ती बाजू खडूसारखी पांढुरकी होते. मग धुवायची, वाळवायची आणि सायलेन नावाच्या द्रव्याचा पातळ हात द्यायचा. त्यामुळं सिमेंट सिरॅमिकला घट्ट धरतं. त्यानंतर तिथं बोटसुद्धा लागता कामा नये, थुंकी तर नाहीच नाही.

पण माझी एक लाडकी रीत होती. तयार कॅप गॉजवर ठेवून मी पेशंटच्या हातात द्यायची. आपला नवा दात पेशंटनं आधी डोळे भरून बघावा, असं मला वाटायचं. तोवर मी पाठ फिरवून सिमेंट काढायची.

त्या दिवशी सिमेंटची सिरिंज हातातून निसटली म्हणून मी मधेच वळले. कॅप चाचांच्या तोंडात होती. डोळे मिटून ते ती जिभेवर घोळवत होते.

“चाचा, काय करताय?”

त्यांनी कॅप काढून शांतपणे गॉजवर ठेवली. “वली करतोय की मॅडम. वली केल्याबिगर पत्ती कोण लावतं?”

क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते. ती जिभेनं ओली केल्याशिवाय नीट वाजत नाही. मागच्या दोन्ही वेळा त्यांनी मला मदत म्हणून हेच केलं होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कॅप त्यांच्या हातात दिली होती कुणी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं कॅप पुन्हा साफ केली, धुतली, वाळवली, सायलेन लावलं आणि माझ्या हातानं थेट दातावर बसवली. चाचांच्या हातात फक्त आरसा दिला.

लगीनसराई संपत आली होती. एका संध्याकाळी दवाखान्यासमोर वरात थांबली. मागं रिक्षांचे हॉर्न वाजत होते. पेशंटला खुर्चीत तसंच सोडून मी पायरीवर धावले. चाचा सगळ्यांच्या पुढं होते. मला बघून त्यांनी असा लांब सूर ओढला की माझाच श्वास अडकला. मग क्लॅरिनेट खाली घेऊन त्यांनी पुढच्या दातावर नखानं टकटक केली. मी भर रस्त्यात टाळ्या पिटल्या.

झांजवाला त्या दिवशी आला नव्हता. झांजा खुद्द मालक वाजवत होता.